खिडक्या बदलताना: सोलापूरच्या घरासाठी खर्चाचा खरा हिशेब

"फुटाला साडेपाचशे पडतील ताई," असं खिडक्या बनवून बसवणाऱ्या फॅब्रिकेटरने सांगितलं, तेव्हा मी तिथेच मनात गुणाकार केला आणि घरी येऊन पन्नास हजारांचा आकडा सांगितला. सगळं काम संपवून बिलं एकत्र लावली, तर आम्हाला खिडकी चौरस फुटाला 944 रुपयांना पडली होती. कोणी फसवलं नव्हतं. साडेपाचशेचा दर खराच होता, पण त्या दरात नुसती खिडकी होती. जुनी काढणं, भिंत सावरणं, खालचा कट्टा, ग्रिल, रंग आणि जीएसटी हे सगळं त्याच्या बाहेर होतं. आमचं घर विजापूर रोडला आहे, 1996 चं बांधकाम, त्याच काळातल्या लोखंडी खिडक्या. तुमच्याही घराला पंचवीस-तीस वर्षं झाली असतील आणि खिडक्या बदलायचं मनात असेल, तर कोणालाही फोन करण्याआधी हे वाचून घ्या.

आधी ठरवा, कोणती खिडकी खरंच बदलायची

एक खराब झाली म्हणून सगळ्या बदलायच्या, असं आपल्याकडे फार होतं. त्याआधी एक सकाळ काढा आणि प्रत्येक खिडकीपाशी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसा. लोखंडी चौकट नेहमी खालच्या बाजूने सडते, कारण पावसाचं आणि पुसण्याचं पाणी तिथेच साचतं. खालच्या पट्टीला स्क्रू-ड्रायव्हरचं टोक दाबा. पापुद्रे निघून टोक आत गेलं, तर ती खिडकी संपली. नुसता वरवरचा गंज असेल, तर घासून, प्राइमर आणि ऑइल पेंट मारून ती अजून दहा वर्षं चालेल.

लाकडी चौकटीवर बोटाच्या पेराने ठोका. पोकळ आवाज आला, तर आत वाळवी आहे. पण पावसाळ्यात फुगून अडकणारी आणि उन्हाळ्यात आकसून खडखडणारी सागवानी खिडकी खराब झालेली नसते, लाकडाचा तो स्वभाव आहे. तिला सुताराकडून रंधा मारून आणि बिजागऱ्या बदलून घ्या. जुन्या वाड्यातलं सागवान असेल, तर हात जोडून सांगते, ते भंगारात घालू नका. तसं पक्कं लाकूड आज विकत घ्यायला गेलात, तर घनफुटाचा दर ऐकूनच परत फिराल.

अ‍ॅल्युमिनियमची सरकती खिडकी जड झाली असेल, तर बहुतेक वेळा खालची बेअरिंगं झिजलेली असतात. ती, काचेभोवतीचं रबर आणि फटीतला ब्रश, एवढं बदललं की खिडकी नव्यासारखी चालते. हे काम शे-पाचशेत होतं. आमच्या नऊपैकी दोन खिडक्या अशाच दुरुस्तीवर वाचल्या आणि बदलायच्या सातच राहिल्या.

ऊन कुठून येतं, ते वहीत लिहा

सोलापुरात खिडकी घ्यायची म्हणजे आधी उन्हाचा विचार. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीस-त्रेचाळीसपर्यंत जातो आणि कोरड्या हवेत ऊन थेट भाजून काढतं. त्यामुळे प्रत्येक खिडकीवर ऊन किती वाजता येतं आणि किती वाजता जातं, हे दोन दिवस बघून लिहून ठेवा.

एक गोष्ट लक्षात ठेवायची. आपलं शहर साडेसतरा अंशांच्या थोडं वर आहे. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, आणि तिथून जुलै संपेपर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेलाच असतो. म्हणजे भर उन्हाळ्यात दक्षिणेच्या खिडकीला तेवढा त्रास नसतो आणि तिच्यावरचा छज्जा पुरतो. खरा त्रास पश्चिमेचा. संध्याकाळचं ऊन तिरपं, छज्ज्याच्या खालून आत घुसतं. मे-जूनमध्ये सूर्य पश्चिमेच्याही थोडा उत्तरेला मावळतो, त्यामुळे उत्तरेच्या खिडकीतही सहानंतर उन्हाची पट्टी येते.

याचा खर्चाशी संबंध असा, की पश्चिमेच्या दोन खिडक्यांसाठी लोक अख्ख्या घराला महागडी काच लावतात. साधी 5 मिलिमीटरची काच उन्हातली ऐंशी टक्क्यांहून जास्त उष्णता आत सोडते. तिच्या जागी दुहेरी काच घातली, म्हणजे दोन काचांमध्ये हवेचा थर असलेली, तरी उन्हाचा झोत फारसा अडत नाही. ती अडवते ती मुख्यतः आतल्या आणि बाहेरच्या हवेच्या तापमानातला फरक. खोलीत दिवसभर एसी चालत असेल, तर ती उपयोगाची. पंखा आणि कूलरवरच्या घरात तिचे पैसे वसूल होत नाहीत. त्यापेक्षा काचेच्या बाहेरून बांबूची चिक किंवा वाळ्याचा पडदा सोडा. ऊन काचेला लागण्याआधी अडवलं, तरच खोली थंड राहते. आतून लावलेला जाड पडदा स्वतः तापतो आणि ती उष्णता खोलीतच सोडतो.

माप

माझी चूक इथे झाली, म्हणून जरा सविस्तर सांगते. माप घ्यायला आलेल्या मुलाने प्रत्येक खिडकीची रुंदी मध्यभागी एकदाच घेतली. मी शेजारी उभी होते आणि काही बोलले नाही. जुन्या बांधकामात उघडी, म्हणजे भिंतीतली खिडकीची मोकळी जागा, वरून-खालून सारखी कधीच नसते. हॉलमधली एक उघडी वरच्या बाजूला पाच सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) अरुंद निघाली. फ्रेम आत जाईना, गवंड्याने छिन्नीने भिंत तासली आणि आतला चांगला गिलावा हातभर निखळला.

म्हणून रुंदी तीन ठिकाणी घ्या: वर, मध्ये, खाली. उंचीही तीन ठिकाणी. ऑर्डर सर्वांत लहान मापावर द्यायची. मग कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन्ही कर्ण मोजा. दोन कर्णांत तीन-चार सुतांहून जास्त फरक असेल, तर उघडी काटकोनात नाही. आधी गवंडी बोलवा, फॅब्रिकेटर नंतर. माप इंच आणि सुतांत लिहा, "साधारण चार फूट" असं नको.

बिलासाठीचं माप कसं धरणार, हेही याच वेळी विचारा. पावणेचार फूट बाय पावणेचार फूट खिडकी म्हणजे 14.06 चौरस फूट. काही जण ती चार बाय चार धरून 16 फुटांचं बिल करतात. एका खिडकीत जवळजवळ चौदा टक्के वाढले. बाथरूमच्या झरोक्याला बऱ्याचदा किमान क्षेत्राचा नियम लावतात किंवा नगावर दर सांगतात. ते गैर नाही, कारण मेहनत तेवढीच असते, पण आधी माहीत हवं.

फ्लॅट असेल, तर सोसायटीला आधी लेखी कळवा. बाहेरून दिसणारा रंग आणि बाहेर निघणारं ग्रिल यावरून पुढे वाद होतात.

अ‍ॅल्युमिनियम, यूपीव्हीसी की लाकूड

मी घेतलेल्या कोटेशनांमध्ये साधी दोन ट्रॅकची अ‍ॅल्युमिनियम खिडकी फुटाला 300 ते 400, डोमल सेक्शनची (जाड, रुंद पट्ट्यांची) 500 ते 650, यूपीव्हीसी (कडक प्लास्टिकची) 600 ते 900 आणि सागवानी 1,200 च्या पुढे अशी होती. अ‍ॅल्युमिनियम आणि यूपीव्हीसीवर 18 टक्के जीएसटी वेगळा.

अ‍ॅल्युमिनियममध्ये दराचा सगळा खेळ सेक्शनच्या जाडीत असतो. दोन कोटेशनांत "डोमल, पावडर कोटिंग, 5 एमएम काच" हेच शब्द असतात, पण एकाच्या सेक्शनची भिंत 1 मिलिमीटरची आणि दुसऱ्याची दीड मिलिमीटरची. म्हणून कापलेला नमुना तुकडा मागा आणि व्हर्नियरने जाडी मोजा. व्हर्नियर नसेल, तर दोन्हीकडचे फूटभर लांबीचे तुकडे किराणा दुकानाच्या काट्यावर वजन करा. मी तेच केलं, आणि स्वस्त कोटेशन स्वस्त का होतं, ते तिथेच कळलं.

यूपीव्हीसी गंजत नाही, रंग लावावा लागत नाही आणि रबरी गॅस्केटमुळे धूळ चांगली अडवते. आपल्या धुळीच्या शहरात ही मोठी सोय. मात्र त्याच्या पोकळीत लोखंडी पट्टी हवीच, नाहीतर मोठं शटर उन्हात वाकतं. ती आहे का, हे बघायला खिशात लोहचुंबक घेऊन जा आणि नमुन्याच्या शटरला, फ्रेमला लावून बघा. चिकटला नाही, तर आत काही नाही. रंग पांढराच घ्या. गडद लाकडी रंगाचं यूपीव्हीसी दिसायला सुरेख असतं, पण पश्चिमेच्या उन्हात फार तापतं.

यूपीव्हीसी उष्णतेने बरंच प्रसरण पावतं. पाच फुटी फ्रेम तीस अंशांच्या फरकाने सुमारे एक सूत वाढते, अ‍ॅल्युमिनियमची त्याच्या तिसरा हिस्सा. त्यामुळे फ्रेम आणि भिंत यांच्यामध्ये दीड-दोन सूत जागा ठेवून ती फोम आणि सिलिकॉनने भरायची असते. एखादा गवंडी सवयीने ती फट सिमेंटने घट्ट भरायला निघतो. त्याला थांबवा.

लाकूड घ्यायचंच असेल, तर हिशेब स्वतः करायला शिका. लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत घ्या, तिन्हींचा गुणाकार करा आणि 144 ने भागा. उत्तर घनफुटांत येतं. चार बाय चार फुटांच्या दोन शटरच्या खिडकीला चौकट धरून सुमारे दोन घनफूट लाकूड लागतं. कापणीतली घट वेगळी.

सरकती की उघडणारी

यावर माझं मत ठाम आहे. शोरूममध्ये सगळीकडे सरकत्या खिडक्याच दाखवतात. पण दोन शटरची सरकती खिडकी कितीही उघडली, तरी अर्धीच उघडते. चार फुटांची खिडकी घेता आणि वारा दोन फुटांतून येतो. त्यावर डासांची जाळी ओढली की तोही मंदावतो. मे महिन्यात रात्री नऊनंतर जो थोडा गार वारा सुटतो, त्यावरच आपली झोप अवलंबून असते. बेडरूमला बिजागरीची, पूर्ण उघडणारी खिडकी घ्या. ती थोडी महाग पडते, आणि शटर बाहेर उघडणार असेल तर ग्रिल आतून लावावं लागतं. हॉल आणि गॅलरीकडे, जिथे शटर आडवं येतं, तिथे सरकती ठीक.

शहराच्या पूर्व भागात, यंत्रमागाच्या शेजारी राहणाऱ्यांना तर उघडणारीच सांगेन. आवाज काचेतून येतो त्याहून जास्त फटीतून येतो. सरकत्या खिडकीत शटर ट्रॅकवर फिरायचं म्हणून फट ठेवावीच लागते आणि ती फक्त ब्रशने झाकलेली असते. उघडणाऱ्या खिडकीचं शटर रबरावर दाबून बसतं. सुताची बारीक तूसही तिथेच अडते.

काच

साध्या खिडकीला 5 मिलिमीटर साधी काच पुरते. चार बाय चारच्या खिडकीत या काचेचंच वजन साडेअठरा किलोच्या आसपास होतं, म्हणून बेअरिंग आणि बिजागरी चांगल्या प्रतीच्या घ्या, तिथे वाचवू नका. काच जमिनीपासून तीन फुटांच्या आत येत असेल, बाथरूममध्ये असेल किंवा घरात लहान मुलं असतील, तर टफन्ड घ्या. ती साध्या काचेच्या चार-पाच पट मजबूत असते आणि फुटली तर बारीक दाणे होतात, सुऱ्यासारखे तुकडे पडत नाहीत. काचेच्या कोपऱ्यात आयएस 2553 चा शिक्का बघा. टफन्ड काच एकदा भट्टीतून निघाली की कापता येत नाही. माप चुकलं तर अख्खी काच वाया.

रंगीत काच ऊन शोषून स्वतः तापते. अर्धी उन्हात, अर्धी छज्ज्याच्या सावलीत असेल, तर कडेपासून तडकू शकते. ती घ्यायची असेल, तर टफन्डच करून घ्या. रिफ्लेक्टिव्ह काचेने दिवसा बाहेरचा माणूस आत बघू शकत नाही. रात्री घरात दिवे लागले की उलट होतं, सगळं घर रस्त्यावरून दिसतं. पडदे तेव्हाही लागतातच.

ग्रिल वजनावर घ्या

ग्रिल फुटावर ठरवू नका, किलोवर ठरवा आणि समोर वजन करून घ्या. अंदाज घरीच काढता येतो. 10 मिलिमीटरच्या चौकोनी सळईचं वजन मीटरला 0.785 किलो. चार बाय चारच्या ग्रिलला उभ्या-आडव्या मिळून अशा चार-चार फुटांच्या सतरा सळया लागतात, म्हणजे सुमारे 16 किलो. जुनं ग्रिल सरळ आणि घट्ट असेल, तर तेच रंगवून वापरा. आमचं जुन्या चौकटीला वेल्ड केलेलं होतं, तोडल्याशिवाय निघालं नाही.

आमच्या सात खिडक्यांचा हिशेब

हॉलच्या दोन खिडक्या 5 बाय 4 च्या, बेडरूमच्या दोन 4 बाय 4 च्या, स्वयंपाकघराची 3 बाय 3 ची, आणि दोन झरोके 2 बाय दीडचे. एकूण 87 चौरस फूट. पश्चिमेला ऊन आहे तरी काच सगळीकडे साधीच घेतली आणि बाहेरून चिका सोडल्या. बेडरूमच्या उघडणाऱ्या खिडक्यांसाठी वेगळा दर न लावता एकच दर ठरवून घेतला.

डोमल खिडक्या 550 च्या दराने: 47,850 रुपये
जीएसटी 18 टक्के: 8,613
जुन्या काढणे आणि राडारोडा, नगाला 600: 4,200
गवंडी आणि बिगारी दोन दिवस, सिमेंट-वाळू धरून: 5,000
ग्रॅनाइटचे कट्टे, लांबीत 21 फूट, फुटाला 150: 3,150
ग्रिल 82 किलो, किलोला 120: 9,840
आतून-बाहेरून रंगाची डागडुजी: 6,000
जुनं लोखंड 90 किलो, 28 च्या भावाने परत आले: 2,520

निव्वळ खर्च 82,133. त्याला 87 ने भागा, 944 येतात. तुमचे आकडे यापेक्षा वेगळे असतील, पण या आठ ओळी तुमच्या वहीत हव्यात. कोटेशन मागताना यातलं कोणतं काम तुमच्यात आणि कोणतं माझ्यात, हे प्रत्येक ओळीपुढे लिहून घ्या. सेक्शनची जाडी, काचेची जाडी, जाळीचं शटर धरलं आहे की नाही, लॉक आणि बेअरिंगचा प्रकार, सिलिकॉन कोणाचं, हेही कागदावर यायला हवं. तीन जणांकडून घ्या. सगळ्यांना एकच मापाची यादी द्या, नाहीतर तुलना होत नाही.

कधी करायचं

गड्ड्याची यात्रा, म्हणजे जानेवारीतली सिद्धेश्वराची जत्रा, संपली की माप द्या आणि गुढीपाडव्याच्या आत काम उरका. दिवाळीआधी रंगकामाच्या घाईत कारागीर मिळत नाहीत. मेमध्ये गिलावा इतक्या झपाट्याने वाळतो की पाणी मारून मारून दमाल. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून गवंड्याचं काम पाणी येण्याच्या दिवसाला जोडून ठेवा. गिलाव्याला सात दिवस तरी पाणी लागतं.

बसवायच्या दिवशी

एका दिवसात सगळ्या खिडक्या काढू देऊ नका. एक काढायची, तीच बसवायची, मग दुसरी. फ्रेम उघडीत ठेवली की स्क्रू मारण्याआधी ओळंबा आणि पाणपातळी तुम्ही स्वतः बघा. स्क्रू कोपऱ्यापासून सहा इंचांवर एक आणि पुढे दोन-दोन फुटांच्या आत असावेत. ढिसूळ विटेत साधा प्लग धरत नाही, तिथे लांब फास्टनर वापरायला सांगा.

खालच्या ट्रॅकला बाहेरच्या बाजूने पाणी निघायची भोकं असतात. ती सिमेंटने किंवा सिलिकॉनने बुजली, तर वळवाचं पाणी ट्रॅकमध्ये तुंबून खोलीत येतं. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीची दोन्ही भोकं बुजवलेली सापडली. बाहेरचं सिलिकॉन न्यूट्रल प्रकारचं घ्या. व्हिनेगरसारखा आंबूस वास येणारं नको, ते धातूला आणि सिमेंटला चांगलं नसतं. सिलिकॉनवर रंग बसत नाही, म्हणून रंगाऱ्याचा हात आधी, सिलिकॉन नंतर.

फ्रेमवरची प्लास्टिकची पट्टी "राहू दे, ओरखडे पडणार नाहीत" म्हणून ठेवू नका. आपल्या उन्हात महिन्याभरात तिचा डिंक भाजून फ्रेमला चिकटतो आणि पुढे घासूनही निघत नाही. रंगकाम झालं की त्याच दिवशी काढा.

पैसे देताना ऑर्डरच्या वेळी निम्मे, माल घरी आल्यावर, काचेची कड मोजून, चाळीस टक्के, आणि दहा टक्के मागे ठेवायचे. हे दहा टक्के पहिल्या जोरदार पावसानंतर, हे कोटेशनवरच लिहून घ्या. बादलीने पाणी मारून तपासणी करताच येते, आणि तीही करा, पण वळवाचा पाऊस वाऱ्याबरोबर आडवा येतो आणि बादलीला न सापडलेली फट त्याला सापडते. आमच्याकडे मेअखेरीस रात्री तासभर वळीव झाला. सकाळी उठून साती कट्ट्यांवरून कोरडं फडकं फिरवलं. सहा कोरडे होते, हॉलच्या एका खिडकीच्या उजव्या कोपऱ्यात ओल होती. फॅब्रिकेटरला फोन केला, तो दुपारी येऊन सिलिकॉन नव्याने भरून गेला. पुढच्या पावसात तो कोपराही कोरडा राहिला, आणि त्या संध्याकाळी मी त्याचे राहिलेले पैसे देऊन टाकले.